धागा जुळला, पुढं काय?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मामाचा चादरीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे सहा माग, कांड्या भरायचं एक मशीन आणि दाराजवळ एक टेबल. लाईट गेली की खडखडाट थांबतो, कामगार तंबाखू मळायला बाहेर जातात आणि मामा पेपर मोठ्यानं वाचायला घेतो. मागं एकदा असाच वाचता वाचता तो एका खुनाच्या बातमीवर थांबला. मयताच्या अंगावर सापडलेले धागे आरोपीच्या घरातल्या चादरीशी जुळले, असं छापलं होतं. मामानं पेपरची घडी घातली. "संपला विषय."

"कुठली चादर?" मी विचारलं.

"आपलीच असणार की. सोलापुरी."

"आणि सोलापुरात सोलापुरी चादर किती घरांत असेल?"

"काय विचारलालास बे," मामा म्हणाला, "नाही असं एक घर दाखव."

फॉरेन्सिक विज्ञानात गेल्या चाळीस वर्षांत यंत्रं प्रचंड सुधारली, त्यावर सगळेच लिहितात. मला त्याहून मोठा वाटणारा बदल मामाच्या या उत्तरात आहे. 'जुळलं' हे अर्धंच वाक्य असतं. आरोपीचा काही संबंध नसता, तरी असं जुळायची शक्यता किती होती, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. पूर्वी तज्ज्ञ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन 'जुळतं' म्हणायचा आणि खाली उतरायचा. आता त्याला थांबवून विचारलं जातं, निदान विचारलं जायला हवं, की या जुळण्याला वजन किती?

धाग्यापासूनच सुरुवात करू, कारण सोलापुरात धागा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहरात १९१० मध्ये एडमंड लोकार यांनी पोलिसांसाठी एक छोटी प्रयोगशाळा थाटली. दोन वस्तू एकमेकींना लागल्या की इकडचं काहीतरी तिकडं जातंच, हे त्यांचं सूत्र. मामाच्या कारखान्यात दहा मिनिटं उभं राहून बाहेर या, ते सूत्र तुमच्या शर्टावर दिसेल. मात्र असे धागे फार टिकत नाहीत. माणूस चालता-फिरता राहिला तर बहुतेक धागे पहिल्या काही तासांतच गळून जातात. म्हणून कपडे कधी ताब्यात घेतले, यालाही महत्त्व असतं.

पारदर्शक चिकटपट्टी कपड्यावर दाबून हे धागे उचलतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. कापसाचा तंतू तिथं पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो, पॉलिएस्टर गुळगुळीत काडीसारखं. एवढ्यावरून प्रकार कळतो. खरी मजा रंगात आहे. मामाकडं व्यापारी आला की चादर उचलून आधी दारात, उन्हात घेऊन जातो. ट्यूबलाईटखाली अगदी एकसारखे दिसणारे दोन लाल रंग उन्हात वेगळे पडतात, हे त्याला अनुभवानं ठाऊक असतं. एका लॉटची शेड दुसऱ्या लॉटला तंतोतंत येत नाही, ही तर डाइंगवाल्यांची रोजची कटकट. प्रयोगशाळेतला मायक्रोस्पेक्ट्रोफोटोमीटर हेच काम एकट्या तंतूवर करतो. तंतूतून प्रकाश सोडायचा, कुठला रंग किती शोषला गेला त्याचा आलेख काढायचा, आणि दोन तंतूंचे आलेख एकमेकांवर ठेवून बघायचे. डोळ्याला फसवणारे दोन लाल इथं सहसा उघडे पडतात.

समजा, आलेखही जुळले. आता वजन काढायचं. दोन शक्यता समोर ठेवायच्या. धागा खरंच आरोपीच्या चादरीचा असेल तर तो जुळणारच, म्हणजे शक्यता १. नसेल, तर दुसऱ्या कुठल्यातरी घरातून आलेला धागा असा जुळायची शक्यता किती? धरून चालू की या लाल धाग्याची चादर शंभरातल्या ऐंशी घरांत आहे. मग १ भागिले ०.८, म्हणजे सव्वा. पुरावा संशयाला जेमतेम सव्वापट करतो, म्हणजे जवळजवळ काहीच करत नाही. तोच धागा अशा मुलखात सापडला, जिथं हजारात एका घरी ही चादर आहे, तर गुणोत्तर हजार होतं. धागा तोच, यंत्र तेच, आलेख तोच. बदललं फक्त गाव. या गुणोत्तराला इंग्रजीत लाइकलीहूड रेशो म्हणतात, आणि आज जगातल्या चांगल्या प्रयोगशाळांचे अहवाल त्याच भाषेत लिहिले जातात. साधा पांढरा सुती धागा तर इतका सगळीकडं सापडतो की बहुतेक तज्ज्ञ त्याच्या वाटेलाच जात नाहीत.

अमेरिकेत अटलांटा शहरातला १९८२ चा एक खटला यासाठी नेहमी सांगितला जातो. मृतांच्या अंगावर सापडलेले हिरवे तंतू आरोपीच्या घरातल्या गालिच्याशी जुळत होते. सरकारी पक्ष तेवढ्यावर थांबला नाही. तो तंतू कुठल्या कंपनीचा, तसा गालिचा किती यार्ड विकला गेला, याचा माग काढून त्यांनी हिशोब मांडला की शहरातल्या ७,७९२ घरांपैकी एका घरात असा गालिचा असेल. त्या हिशोबावर आजही वाद आहेत, त्यातली काही गृहीतकं ढोबळच होती. पण हिशोब मांडला गेला, म्हणून तर वाद घालता आला. 'जुळतं' एवढंच म्हणणाऱ्याशी वाद कसला घालणार?

आता डीएनए. १० सप्टेंबर १९८४ ला इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत सापडली. आपल्याकडं हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस स्वतःची पद्धत उभी केली. तेव्हा तपासणीसाठी रुपयाच्या नाण्याएवढा रक्ताचा डाग लागायचा. आज पंधरा-वीस पेशी पुरतात. एका पेशीत साधारण ६ पिकोग्रॅम डीएनए असतो, आणि पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. दाराच्या कडीला नुसता हात लावला तरी तेवढं मागं राहू शकतं.

तपासतात काय, तर चादरीच्या काठावर जशी एकच बुट्टी पुन्हा पुन्हा येते, तसे डीएनएमध्ये ठराविक ठिकाणी अक्षरांचे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. एखाद्याकडं त्या जागी बुट्टी सात वेळा, दुसऱ्याकडं अकरा वेळा. प्रत्येक जागी आकडे दोन, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. अमेरिकेच्या डेटाबेसमध्ये आधी अशा १३ जागा बघत, २०१७ पासून २० बघतात. एका जागी योगायोगानं जुळणारे शेकडा पाच-दहा लोक निघतील. पण वीसच्या वीस जागी जुळायचं म्हटलं तर गुणाकार इतका खाली जातो की पृथ्वीवर दुसरा माणूस मिळणं कठीण. एकसारखे जुळे भाऊ सोडून. सख्ख्या भावांच्या बाबतीतही आकडा बराच बदलतो, हे वकिलांनी लक्षात ठेवावं.

अडचण येते ती पूर्ण प्रोफाइल, म्हणजे सगळ्या जागांचे आकडे, मिळत नाही तेव्हा. डाग जुना, उन्हानं भाजलेला, वीसपैकी चार-पाचच जागा वाचता आल्या. अहवालात आलं की योगायोगानं जुळायची शक्यता दहा हजारांत एक. हे ऐकून कोणीही म्हणेल, म्हणजे आरोपी निर्दोष असायची शक्यता दहा हजारांत एक! इथंच पाय घसरतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. तिला दहा हजारानं भागा. एकट्या शहरात असे सुमारे ९५ लोक निघतील. डीएनएशिवाय दुसरा काहीच पुरावा नसेल, तर आपला आरोपी त्या ९५ जणांतला एक आहे, इतकंच आपल्याला कळलंय. आणि तो त्या रात्री त्याच बोळात दिसला होता, असं दोन माणसं सांगत असतील, तर चित्र पार बदलतं. 'निर्दोष माणूस जुळायची शक्यता' आणि 'जुळलेला माणूस निर्दोष असायची शक्यता' ही दोन वाक्यं कानाला सारखीच लागतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भले भले वकील आणि डॉक्टर इथं चुकलेत. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागद-पेन्सिल घ्यावी लागली.

मिश्र नमुना हे त्याच्या पुढचं प्रकरण. चाकूच्या मुठीवर तिघांचा हात लागलेला, तिघांच्या बुट्ट्या एकमेकींत गुंतलेल्या. पूर्वी तज्ज्ञ आलेख डोळ्यांनी बघून 'हा यात असू शकतो' म्हणायचा, आणि दोन तज्ज्ञांची मतं सहज दोन दिशांना जायची. आता एसटीआरमिक्स, ट्रूॲलील यांसारखी सॉफ्टवेअर हजारो जुळण्या करून बघतात आणि तेच गुणोत्तर काढून देतात. ही खरी प्रगती आहे. पण सॉफ्टवेअरनं आकडा दिला म्हणून तो देवाचा कौल होत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या अपील न्यायालयानं असं सॉफ्टवेअर आतून कसं लिहिलंय, ते बचाव पक्षाला तपासू द्या, असा आदेश दिला. योग्यच केलं.

डीएनए कुणाचा हे कळलं, तरी तो तिथं आला कसा, हे कळत नाही. आपल्या शहरातला सगळ्यात सोपा दाखला देतो, किळस आली तर माफ करा. जिन्याच्या कोपऱ्यातली पानाची पिचकारी. तिच्यात लाळ असते, लाळेत पेशी असतात, म्हणजे थुंकणारा कोण हे प्रयोगशाळा सांगू शकेल. तो कधी थुंकला, खुनाच्या रात्री की आधीच्या मंगळवारी, हे ती पिचकारी सांगणार नाही. यंत्रं जितकी संवेदनशील झाली, तितका हा प्रश्न अवघड झाला, कारण आता इकडून तिकडं गेलेला डीएनएही सापडायला लागला. कॅलिफोर्नियात २०१२ मध्ये एका खून झालेल्या माणसाच्या नखांत एका बेघर माणसाचा डीएनए मिळाला. तो महिनोन्‌महिने तुरुंगात होता. मग त्याच्या वकिलांनी दाखवून दिलं की खुनाच्या वेळी तो दारूच्या अंमलात इस्पितळात पडून होता. त्याला इस्पितळात नेणारी रुग्णवाहिकेची माणसंच काही तासांनी खुनाच्या ठिकाणी गेली होती. त्यांच्या हातून किंवा उपकरणांवरून त्या पेशी गेल्या असाव्यात, हे सरकारी पक्षानंही मान्य केलं.

आणि जर्मनीतली गोष्ट तर कापसाचीच आहे, त्यामुळं मामाला फार आवडली. २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका तरुण महिला पोलिसाचा खून झाला. तिथं मिळालेला एका बाईचा डीएनए आधीच्या खुनांत, घरफोड्यांत, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स मिळून चाळीसएक ठिकाणी सापडत गेला. पोलिसांनी तीन लाख युरोंचं बक्षीस लावलं. ही बाई कुणाच्याच नजरेस पडेना. २००९ मध्ये उलगडा झाला: नमुने घ्यायच्या काडीवरचा कापसाचा बोळाच आधी दूषित होता. ती बाई काड्या बनवणाऱ्या कारखान्यातली कामगार होती! काड्या निर्जंतुक होत्या, पण जंतू मेले म्हणून डीएनए जात नाही. पुढं २०१६ मध्ये अशा साहित्यासाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आलं. मामा म्हणाला, "बघ, गुन्हेगार शोधायला निघाले आणि सापडली कांडीवाली."

बोटांच्या ठशांकडं वळतो. हे शास्त्र तर आपल्याच देशात वयात आलं. १८९७ मध्ये कलकत्त्यात जगातला पहिला ठसे विभाग सुरू झाला, आणि ठशांचं वर्गीकरण करायची पद्धत अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी घडवली. नाव झालं साहेबाचं, हेन्री पद्धत. ठसा चांगला उमटला तर काय विचारता. पण सोलापूरच्या पूर्वभागात विडी वळणाऱ्या एखाद्या मावशीला विचारा, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा किती वेळा टेकवावा लागतो. वर्षानुवर्षं तेंदूपत्ता आणि तंबाखू चोळून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. गुन्ह्याच्या जागी मिळणारे ठसे बहुधा याहून वाईट असतात: अर्धे, घसरलेले, एकावर एक पडलेले.

अशाच एका अर्धवट ठशानं २००४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयची अब्रू घालवली. माद्रिदच्या रेल्वे बाँबस्फोटांतल्या एका पिशवीवरचा ठसा त्यांनी ओरेगनमधल्या एका वकिलाचा ठरवला, शंभर टक्के खात्रीनं. न्यायालयानं नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञानंही मान डोलावली. दोन आठवडे तो माणूस कोठडीत होता. मग स्पेनच्या पोलिसांना तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं आढळलं आणि एफबीआयला माफी मागावी लागली. इटिएल ड्रोर या मानसशास्त्रज्ञानं त्यावर एक मोठा खोडकर प्रयोग केला, २००६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांना प्रत्येकी एक ठशांची जोडी दिली आणि सांगितलं, ही एफबीआयची चुकलेली जोडी आहे, बघा बरं. खरं तर ती जोडी त्याच तज्ज्ञानं काही वर्षांपूर्वी स्वतः 'जुळते' म्हणून सही केलेली होती. पाचपैकी चौघांनी मत बदललं.

यात कुणी लबाड नव्हतं. आधी काय सांगितलं जातं, त्यावर डोळा काय बघतो ते ठरतं, इतकं हे साधं आहे. म्हणून आता नवी शिस्त अशी की तज्ज्ञानं आधी घटनास्थळाचा ठसा एकटा बघायचा, त्यातली वैशिष्ट्यं लिहून ठेवायची, आणि मगच संशयिताचा ठसा उघडायचा. आरोपीनं कबुली दिलीय का, तो सराईत आहे का, हे त्याच्या कानावर जाताच कामा नये. आपल्याकडं तपास अधिकारी नमुन्यांसोबत गुन्ह्याची सगळी हकीकत जोडून पाठवतो. ते मला धोक्याचं वाटतं, मग कुणी त्याला कितीही सोयीचं म्हणो. ठशांचं शास्त्र टाकाऊ आहे असं मात्र नाही. २०११ मध्ये १६९ तज्ज्ञांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत चुकीचं 'जुळलं' म्हणायचं प्रमाण हजारात एकच निघालं. खरंच जुळणारा ठसा 'जुळत नाही' म्हणण्याचं प्रमाण मात्र साडेसात टक्के होतं. केसांच्या तुलनेची कथा वाईट आहे. सूक्ष्मदर्शकाखाली केस बघून दिलेल्या साक्षींचं एफबीआयनं २०१५ मध्ये पुनरावलोकन केलं, तेव्हा दहातल्या नऊहून जास्त खटल्यांत तज्ज्ञ विज्ञानापेक्षा जास्त बोलून गेल्याचं दिसलं.

आपल्याकडं काय चाललंय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक पथकानं घटनास्थळी जाणं बंधनकारक होतंय. राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही करायचं आहे. पंच म्हणून ज्यांनी कोऱ्या कागदावर सह्या केल्यात, त्यांना याचं मोल कळेल.

प्रयोगशाळा कितीही आधुनिक असो, नमुना तिथवर धड पोचला पाहिजे. सोलापूरचा मे महिना डोळ्यांपुढं आणा, पारा ४३ वर. रक्तानं भिजलेली चादर कुणीतरी घाईत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली आणि मुद्देमालाच्या खोलीत पत्र्याखाली ठेवली. आत वाफ धरते, बुरशी येते, जिवाणू डीएनए खाऊन टाकतात. आठवड्यानं पिशवी उघडणाऱ्याला आधी वास येतो, मग काळे ठिपके दिसतात, आणि अहवालात एकच ओळ जाते: निष्कर्ष नाही. करायचं असतं अगदी साधं. चादर सावलीत, वाऱ्यावर वाळवायची, घड्यांमध्ये स्वच्छ कागद घालायचा, खाकी कागदी पाकिटात बांधायची, वर सील आणि सह्या. सीए (केमिकल ॲनालायझरचा) रिपोर्ट यायला उशीर झाला म्हणून आपण प्रयोगशाळेला नावं ठेवतो, पण पुष्कळदा पुरावा पुण्याच्या प्रयोगशाळेच्या वाटेला लागायच्या आधीच मेलेला असतो.

सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ मधला दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणाचा निकाल यासाठी वाचावा. फाशीची शिक्षा झालेले तिन्ही आरोपी सुटले. डीएनए अहवाल विरोधात होता, पण नमुने अकरा दिवस पोलिसांच्या मुद्देमालात पडून होते, आणि अहवालातला निष्कर्ष कशावर उभा आहे हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासलंच नव्हतं. लोकांना निकाल पटला नाही, रागही आला. मला तो राग समजतो. तरीही न्यायालयानं विचारलेला प्रश्न रास्तच होता. पुढं जुलै २०२५ मध्ये याच न्यायालयानं डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचवण्याचे आणि ते कुणाकडून कुणाकडं गेले याची नोंदवही ठेवण्याचे निर्देश दिले.

मोबाइल आणि सीसीटीव्हीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं बुद्धीपेक्षा शिस्तीचं काम जास्त. फाइलचा हॅश म्हणजे गणितानं काढलेला एक लांबलचक आकडा. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी आकडा साफ बदलतो, म्हणजे जणू लाखेचं सीलच. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात आता हा हॅश लिहावा लागतो. प्रमाणपत्र सक्तीचंच, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक खटल्यात, अर्जुन खोतकर प्रकरणात, ठणकावून सांगितलं होतं. चौकातल्या दुकानदारानं पेनड्राइव्हवर फुटेज काढून दिलं आणि काम झालं, ते दिवस गेले.

हे सगळं मी मामाला एका बैठकीत सांगितलं असं समजू नका; दोन-तीन वेळा लाईट गेली तेवढ्यात मिळून सांगून झालं. शेवटी त्यानं टेबलाच्या खणातून तो जुना पेपर काढला, चष्मा लावला आणि बातमी पुन्हा वाचली, या वेळी मनातल्या मनात.

"धागा कुठल्या रंगाचा ते दिलंच नाही की ह्यांनी," तो म्हणाला. "सुती का मिक्स, तेही नाही."

लाईट आली. माग सुरू झाले, त्यामुळं पुढचं काही ऐकू आलं नाही.